चालत्या गाडीत दिलेला शब्द

दि. ४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मागच्या आठवड्यातच पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण दोन ट्रॅक्टर आणि एक पाण्याचं इंजिन एकदमच अंगावर आलं. गिऱ्हाइकं अशी, की सहा महिने खडखड ऐकत बसतील आणि सातव्या महिन्यात येऊन सांगतील की मिस्त्री, आत्ताच्या आत्ता करून द्या.

हिची तब्येत आता अगदी पहिल्यासारखी आहे. ऑक्टोबरात अपेंडिक्स पोटात फुटून ही बाई मरता मरता वाचली, हे आज कुणाला सांगून पटणार नाही. काल दोन बादल्या पाणी एका दमात आणलं आणि मी हात पुढे केला तर मलाच बाजूला सारलं. लेक परीक्षेचा अभ्यास करते, म्हणजे पुस्तक समोर ठेवून खिडकीबाहेर बघते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. फोनवर मी नुसता हं हं करतो हे तुला ठाऊकच आहे, म्हणून कागदावर. आणि हसू नकोस.

त्या दुपारी तू नेमकी आमच्याकडे राहायला आली होतीस, म्हणून निभावलं. दुरुस्तीला आलेलं ते पिकअप काढलं, तू मागच्या फळीवर हिचं डोकं मांडीवर घेऊन बसलीस, आणि मी शहराच्या इस्पितळापर्यंत गाडी हाणली. तो सगळा रस्ता मी गिअर टाकत होतो आणि देवाशी बोलत होतो. मोठ्याने बोलत होतो, एवढं आठवतं. शेवटी मी त्याला सांगितलं की मी शब्दाचा पक्का आहे हे तुला माहीत आहे. हे वाक्य पक्कं आठवतं, कारण ते म्हणताना मी हॉर्नवर हात आपटला होता. म्हणजे मी शब्द दिला. पण ताई, कसला शब्द दिला तेच मला आठवत नाही!

ही वाचली. त्याने त्याचं काम चोख केलं. आणि मी काय करायचं कबूल केलं होतं ते मी विसरून बसलोय. आजवर गिऱ्हाइकाला दिलेली तारीख मी कधी चुकवली नाही, आणि देवाला दिलेला शब्द चुकवतोय. रोज सकाळी शेड उघडून पहिल्या इंजिनावर हात ठेवून प्रार्थनेला डोळे मिटतो, तर छातीत कसलीशी खडखड सुरू होते. डोक्याचा नुसता भुगा झालाय.

केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती. तू ऐकलं असणार. मी काय कबूल केलं ते जसंच्या तसं लिहून पाठव. भाऊजींना नमस्कार.

तुझी माया आहे तोवर माझं बरं चाललंय असं समजतो.

तुझा,
भोपू

दि. १३ फेब्रुवारी

चि. भोपूस,
अ. उ. आ.

पन्नाशीला आलास तरी पत्राखाली भोपू म्हणून सही करतोस, ते वाचून भाऊजी हसले. मी त्यांना सांगितलं की हा चार वर्षांचा असताना दिवसभर अंगणात हॉर्न वाजवत फिरायचा, तेव्हा हे नाव त्याने स्वतःच कमावलंय.

वहिनी बादल्या उचलते हे वाचून आनंद झाला आणि रागही आला. तिला सांग, की टाके सुकले म्हणून हमाली करायला कुणी सांगितलेलं नाही. माझा शिवणवर्ग जोरात चाललाय. चौदा बायका आणि यंत्रं नऊ, त्यामुळे रोज सकाळी यंत्रावरून रुसवेफुगवे.

तू विचारलंस त्याबद्दल. अरे वेड्या, मला कुठलं ऐकू येणार? गाडीचा आवाज, रस्त्यावरचे खड्डे, आणि माझं सगळं लक्ष वहिनीच्या श्वासाकडे. तू काहीतरी पुटपुटत होतास, पण तू स्पॅनरशीही पुटपुटतोस. तुझ्यासारखा भाबडा माणूस शब्द बिब्द देऊन बसला असला, तरी ज्याला दिला त्याला तुझा स्वभाव ठाऊक आहे. वहिनी बरी झाली, त्याचे आभार मान आणि कामाला लाग. उगाच डोक्याला भुंगा लावून घेऊ नकोस.

लेकीला खिडकी बंद करून बसायला सांग. सगळ्यांना माझे आशीर्वाद पोचते कर, आणि तूही थोडे ठेवून घे.

तुझी,
ताई

दि. ६ मार्च

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

मी सहसा पत्र लिहीत नाही, तेव्हा पाकीट बघूनच तुम्हाला वाटलं असेल काही विपरीत घडलं. घाबरू नका, सगळे धडधाकट आहेत. पण ह्यांचं काय करावं ते मला सुधरत नाही.

तुमचं पत्र ह्यांनी दोन दिवस खिशात घेऊन फिरवलं. तिसऱ्या दिवशी मला समोर बसवलं आणि समजावून सांगितलं. म्हणे चार सिलिंडरचं इंजिन नीट चालत नसलं, की एकेका प्लगची वायर काढून आवाज ऐकायचा. जिथे फरक पडत नाही तिथे दोष. तसंच ते आता एकेक गोष्ट सोडून बघणार. ज्या गोष्टीने छातीतली खडखड थांबेल, तीच देवाला कबूल केलेली असणार. मला आधी वाटलं थट्टा करताहेत. थट्टा कसली, दुसऱ्याच दिवशी साखर सोडली!

चार दिवस साखर नाही. रोज सकाळी छातीवर तळवा ठेवून, मान वाकडी करून ऐकत बसायचे, अगदी इंजिन ऐकतात तसे. खडखड चालूच. मग चहाच सोडला. मग रेडिओ. मग उशी. मग चपला, आणि शेडमधल्या लोखंडाच्या किसावर अनवाणी चालून दोन्ही तळव्यांची चाळण करून घेतली. परवापासून काम करताना शीळ वाजवायची सोडलीय, आणि वन्सं, तिचा मला बावीस वर्षं वैताग होता, पण आता शेड इतकी मुकी वाटते की मीच दहा वेळा डोकावून येते.

मी ह्यांना विचारलं की इंजिनाची वायर तुम्ही बघून झाली की परत लावता ना? मग साखर परत का नाही घेत? तर म्हणाले, की देवापुढे सोडलेली गोष्ट परत कशी उचलायची, कोण जाणे तीच असली तर? म्हणजे काढायचं सगळं आणि लावायचं काहीच नाही. मी सांगितलं, की अशाने इंजिन बंद पडतं. त्यावर हे विचारात पडले, पण साखर घेतली नाहीच. काल एका गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरात तेल ओतलं आणि झाकण बसवायचं विसरले. ह्यांच्या हातून असं कधी झालंय का?

माझी एक विनंती आहे. चुकीची असेल तर तुमच्या पायाशी ठेवते. तुम्हाला आठवत नाही हे खरं, पण आठवलं असं लिहा ना. काहीतरी लहानसं, ह्यांच्या हातून दोन दिवसांत होईल असं. रोज दाढी करायचं कबूल केलं होतं असं लिहिलंत तर माझंही भलं होईल.

मी पत्र टाकल्याचं ह्यांना माहीत नाही. धाकट्या वहिनीवर लोभ आहे, त्याच्याच भरवशावर हे धाडस केलं.

तुमची,
वहिनी

दि. १५ मार्च

चि. भोपूस,
अ. उ. आ.

काल वर्गात एका बाईच्या यंत्राचा पट्टा तुटला आणि तो बसवता बसवता मला एकदम आठवलं. नदीवरचा पूल ओलांडताना तू काय म्हणालास ते मी ऐकलं होतं. मनातून पार गेलं होतं बघ, वय झालं.

तू म्हणालास, की हिला वाचव, मी प्रार्थनाघराचं मोठं दार दुरुस्त करून, रंगवून देईन. ते करकरतं ना, गुरुजींची प्रार्थना चालू असताना कुणी उशिरा आलं की सगळे मान वळवून बघतात, तेच. एवढंच म्हणालास. तेव्हा आता दार कर, चहा पी, आणि त्या पायांना काहीतरी लाव.

वहिनीला आणि लेकीला आशीर्वाद. रोज दाढी करत जा, असं आपलं माझं म्हणणं.

तुझी,
ताई

दि. ९ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी गुरुजींना विचारून दाराला हात घातला. तिन्ही बिजागऱ्या काढल्या, नव्या केल्या, खालची घासणारी फळी रंध्याने तासून घेतली. रंग शेडमध्ये होता तोच दिला, ट्रॅक्टरचा निळा. गुरुजी आधी जरा चपापले, मग म्हणाले की लांबून चांगलं दिसेल. आता दार एका बोटाने लोटलं तरी जातं.

पण ताई, खडखड थांबली नाही.

मी दाराशी उभा राहून विचार करत होतो. शहराचा एवढा रस्ता मी देवाशी बोलत होतो, गळ्याच्या शिरा ताणून बोलत होतो, ते एका करकरणाऱ्या दारासाठी? बायको मागे मरायला टेकलीय आणि मी बिजागऱ्यांचं बोलतोय? तू खोटं लिहिणार नाहीस. पण पहिल्या पत्रात तू काहीच ऐकलं नव्हतंस आणि दुसऱ्यात सगळं ऐकलंस, त्यामुळे मी जास्तच गोंधळलोय. कदाचित तू दाराचं ऐकलंस आणि त्याच्या पुढचं ऐकलं नाहीस.

म्हणून मी आता उलट बाजूने विचार केला. मी मागितलं काय, तर एक अख्खं माणूस. मग त्याच्या बदल्यात साखर किंवा उशी देऊ करणारा मी इतका कोता आहे का? मी मोठंच काहीतरी देऊ केलं असणार. माझ्याकडे मोठं काय आहे? शेड? ती माझ्याशिवाय नुसते पत्रे आहेत. म्हणजे मी स्वतःलाच देऊ केलं असणार. दुसरं काही उरतच नाही, मी सगळं काढून बघितलंय.

डोंगरावरच्या मोठ्या प्रार्थनास्थळी जन्मभराचे सेवेकरी घेतात. तिथे पाणी चढवायचा पंप आहे, जनरेटर आहे, त्यांना मिस्त्री हवाच आहे. घरच्यांना वर्षातून एकदा भेटता येतं. मी पत्र घातलं होतं, त्यांचा होकार आला. एक मेला जायचं ठरवलंय. शेजारच्या गावचा मिस्त्री शेड चालवायला घेतोय, तो दर महिन्याला घरी पैसे पोचते करील, माणूस चांगला आहे.

ताई, मला जावंसं वाटतं असं नाही. लेकीकडे बघवत नाही. कधी वाटतं की हे बरोबर आहे, कधी वाटतं की मी ठार वेडा झालोय, आणि दोन्ही एकाच मिनिटात वाटतं. पण ज्याने हिला परत दिलं त्याच्याशी बेइमानी करून हिच्याच शेजारी कसा बसू? तू मोठी आहेस. रागावू नकोस, आशीर्वाद दे.

तुझ्या मायेत कमी पडू देऊ नकोस, आता तर जास्तच लागेल.

तुझा,
भोपू

दि. १७ एप्रिल

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

ह्यांनी तुम्हाला कळवलंच आहे. मी काय लिहू?

ह्यांनी माझी परवानगी मागितली. जेवायला बसलो होतो, घास हातातच राहिला. मी नको म्हटलं तर ज्याने मला वाचवलं त्याचाच हक्क अडवल्यासारखं होतं. हो म्हटलं तर माझ्याच तोंडाने नवऱ्याला घरातून काढल्यासारखं. मी काहीच बोलले नाही, आणि हे समजले की मी हो म्हणाले. बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाला माझं गप्प राहणं अजून कळत नाही, वन्सं.

लेक ह्यांच्याशी बोलत नाही. हे तिला पंक्चर काढायला, फ्यूज बदलायला शिकवताहेत, पुढे अडायला नको म्हणून. ती सगळं शिकते, नीट करून दाखवते, आणि एक अक्षर बोलत नाही. काल तिने मला विचारलं, की आईला वाचवून बाबांना घेऊन जायचं असेल तर त्यात देवाने काय वाचवलं? मला तर आता असं वाटायला लागलंय की मी बरी झाले हीच चूक झाली. असं लिहू नये, पण दुसऱ्या कुणाजवळ बोलू?

ह्यांची पिशवी भरून झालीय. दोन कपडे आणि पान्यांचा एक संच.

वन्सं, मीच तुम्हाला खोटं लिहायला लावलं, तेव्हा तुम्हाला दोष देत नाही. पण दाराचं पत्र वाचताना माझ्या मनात एक गोष्ट आली ती आता लिहिते. तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलंत की माझ्या श्वासाकडे लक्ष होतं म्हणून काही ऐकू आलं नाही. शिवणाची सुई पडली तरी तुम्हाला शेजारच्या खोलीत कळतं. तुम्ही ऐकलंय. जे ऐकलं ते इतकं वाईट आहे का, की माझा संसार मोडला तरी चालेल पण ते सांगायचं नाही?

चौदा दिवस राहिलेत.

तुमची,
वहिनी

दि. २४ एप्रिल

चि. भोपू आणि चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

हे पत्र दोघांनी मिळून वाचा. भोपू, तू एकट्याने वाचलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

वहिनी, तू बरोबर ओळखलंस. मी सगळं ऐकलंय. अक्षर न् अक्षर ऐकलंय. दाराचं मी रचलं. त्या दाराचा रंग आता वाळला असेल, तो खरडत बसू नकोस भोपू, चांगल्या कामाला लागलाय तो.

तू देवाला काहीच देऊ केलं नाहीस. ना साखर, ना शेड, ना स्वतःला. तू नवस बोललाच नाहीस. तू त्याला धमकी दिलीस.

सुरुवातीला तू हात जोडल्यासारखं बोलत होतास, ते खरं. पण पूल आला तेव्हा वहिनीचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता, आणि मी ओरडले की भोपू, जोरात चल. तेव्हा तुझा आवाज बदलला. असा आवाज मी तुझ्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. तू त्याला अरे तुरे करून म्हणालास, की इतकी वर्षं मी तुझं सगळं ऐकलं, आता तू माझं ऐक. हिला नेलंस तर मी तुझ्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. तुझी प्रार्थना तोंडातून काढणार नाही. इंजिनावर हात ठेवीन तो फक्त इंजिनासाठी. माझ्या लेकीला तुझं नाव घेऊ देणार नाही. तू आहेस हेच मी विसरून जाईन. आणि मग तू हॉर्नवर हात आपटलास आणि म्हणालास, की मी शब्दाचा पक्का आहे हे तुला माहीत आहे. पुढे इस्पितळ येईपर्यंत तू नुसती गाडी हाणलीस.

फाटकात उतरलास तेव्हा तू मला विचारलंस, की आज वार कोणता. तेव्हाच मी ओळखलं की तुझ्या डोक्यातून सगळं पुसलं गेलंय. मला बरंच वाटलं. तुला लहानपणापासून बघतेय मी. खेळण्यातली गाडी उघडायच्या आधीसुद्धा डोळे मिटणारा पोरगा तू. तुला हे कळलं तर तू मोडून पडशील असं मला वाटलं. म्हणून आधी कानावर हात ठेवले, मग दार रचलं. तुला वाचवायला गेले आणि तुला घराबाहेर काढायची वेळ आणली. मोठी बहीण म्हणवते, पण अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

यात देवाने काय समजायचं, तू काय समजायचं, मला काही कळत नाही. मी शिवण शिकवते. पण तू जाऊ नकोस. जायचं असं तू कबूल केलेलंच नाही.

माझ्यावरचा राग असेल तो पत्राने कळवा, मौन धरू नका. ते मला सोसत नाही.

तुमची,
ताई

दि. ४ मे

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

हे घरी आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे तुम्ही पुढचं सावकाश वाचाल.

तुमचं पत्र सत्तावीसला आलं. दोघांच्या नावाचं पाकीट बघून ह्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. मी मोठ्याने वाचत होते आणि हे स्टुलावर बसून ऐकत होते. पुलापर्यंत वाचून मी थांबले, तेव्हा पत्र ह्यांनी घेतलं आणि उरलेलं मनात वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाले की हो, असंच म्हणालो होतो. एवढं म्हणून दोन्ही हात मांडीवर टाकून बसून राहिले.

दोन दिवस मला भीती वाटली, की आता तर हे जाणारच. म्हणायला लागले, की जो माणूस देवाला धमकावतो त्याने तर डोंगरावर जाऊन जन्मभर झाडलोट करावी. वन्सं, मग मात्र माझं डोकं फिरलं. आजवर ह्यांच्याशी आवाज चढवून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. मी म्हटलं की नीट ऐका. हिला नेलंस तर दारात पाऊल टाकणार नाही, असा तुमचा शब्द. मला नेलं का? मी ही इथे उभी आहे. मग शब्दाचे पक्के असाल तर प्रार्थनाघराच्या दारात पाऊल टाका, नेहमीसारखे घरी या आणि शेड उघडा. तुमचा शब्द पाळायला डोंगर लागत नाही. आणि पिशवी उचलून मी पाने त्यांच्या जागी लावले, चुकीच्या खिळ्यांना लावले ते सोडा.

हे अर्धा दिवस त्यावर विचार करत होते. बिघाड सापडला असं वाटतं पण खात्री होत नाही, तेव्हा असतो तसा चेहरा. मग लेक आली आणि तिने ह्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला, साखर घातलेला. समोरच उभी राहिली. तो ह्यांनी प्यायला. तेव्हा कुठे मी तुम्हाला पत्र लिहायचा विचार केला.

डोंगरावर येत नसल्याचं ह्यांनी कळवलं. शेजारच्या गावच्या मिस्त्रीने मोठ्या मनाने शेड सोडली, म्हणाला की मला तसंही तुमच्या गिऱ्हाइकांचा ताप नको होता.

पण खडखड पूर्ण थांबली असं नाही. हे मला दिवसातून तीनदा विचारतात, की त्याने तुला दयेने सोडलं की माझ्या धमकीला घाबरून सोडलं? घाबरला असेल तर तो देव कसला, आणि घाबरला नसेल तर माझ्यावर रागावला का नाही? मी सांगते, की मला स्वयंपाक आहे. काल प्रार्थनेच्या दिवशी हे दाराशी जाऊन थांबले, आत जाईनात. गुरुजी बाहेर आले. ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं, अरे तुरे केल्याचंसुद्धा. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की यावर काय म्हणावं ते त्यांनाही कळत नाही, पण सगळे उभे राहिलेत, तेव्हा आत चला. म्हणून आत गेलो.

आता तुम्हाला जे सांगायचं ते सांगते. हे लेकीला कळू नये आणि ह्यांनाही नाही.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी ओळखून होते, की ह्यांच्या मनात पहिला देव आहे. मग इंजिनं, मग लेक, आणि त्यांच्या पाठीमागे मी. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माणूस चांगला आहे, देवमाणूस आहे, आणखी काय हवं, असं म्हणून मी माझी जागा धरून बसले होते. आणि तुमच्या पत्रात वाचलं, की मी मरत होते तेव्हा हा माणूस माझ्यासाठी त्या पहिल्याच्या अंगावर धावून गेला. बावीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं, वन्सं. तुम्ही सांगितलं नसतं तर मी न कळताच म्हातारी झाले असते.

काल आत सगळ्यांनी डोळे मिटले. शेजारी हे मान खाली घालून क्षमा मागत होते, ओठ हलत होते. मीही ह्यांच्या वतीने क्षमा मागायला हात जोडले. देवा, ह्यांच्या तोंडून वेडंवाकडं गेलं ते मनावर घेऊ नकोस, असं म्हणायचं मी ठरवून गेले होते. दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा मला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणी आलं, आणि क्षमा काही माझ्याने मागवली नाही.

भाऊजींना नमस्कार. सुट्टीत या, यंत्रं चौदा बायकांवर सोडून या. तुमच्यावर माझा राग नाही, आता तर तुमचा लोभ मी हक्काने मागते.

तुमची,
वहिनी